विश्वास आहे, उपासना आहे, मग आनंद आणि शांती का नाही?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाप्तिस्मा घेऊन अकरा वर्षे झाली, रोज पहाटे प्रार्थना होते, पवित्र शास्त्राचे वाचन होते, रविवारची उपासना सहसा चुकत नाही आणि उपासनेत गीते चालवण्याची सेवाही तुमच्याकडे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तरीही शास्त्र ज्या आनंदाविषयी आणि शांतीविषयी इतके भरभरून बोलते, त्यातले काही तुमच्या वाट्याला आलेले नाही. रात्री झोप लागेपर्यंत काळज्या मन कुरतडत राहतात, आणि गाताना समोरचे उजळलेले चेहरे पाहून आपण ढोंग करत आहोत असे वाटते. शेवटी तुम्ही विचारले आहे, माझा विश्वासच खोटा आहे का, आणि गीतांची सेवा सोडून द्यावी का?

मी २९ वर्षे पाळक म्हणून सेवा केली आणि आता निवृत्तीनंतर लोकांचे ऐकून घेण्याचे आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करण्याचे काम करतो. तुमचा पहिला प्रश्न माझ्यासमोर ज्यांनी मांडला, त्यांतले बहुतेक जण मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, मनापासून राबणारे लोक होते. ज्याला विश्वासाशी काही देणेघेणे नाही, त्याला हा प्रश्न रात्री जागवत नाही. एवढ्यावरून सगळे सिद्ध होते असे मी म्हणत नाही, परंतु उत्तराची सुरुवात येथूनच करावीशी वाटते.

तुमच्या पत्रातली खरी अडचण मला थोडी वेगळी दिसते. आनंद नाही हे दुःख आहेच, पण त्या दुःखावर तुम्ही एक निकाल लादला आहे. मनाला कसे वाटते यावरून देव आपल्याला कसा पाहतो हे तुम्ही ठरवू लागला आहात. म्हणून प्रार्थना संपली की पहिले काम कोणते, तर मन चाचपून पाहणे: आली का शांती, वाटला का आनंद? प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, आनंद आणि शांती यांना आत्म्याचे फळ म्हणतो. फळ धरायला वेळ लागतो, आणि पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्याच्या शेतात काही उगवत नाही. प्रार्थनेत लक्ष देवाकडे असायला हवे, ते तुमच्या बाबतीत स्वतःच्या मनाच्या राखणीत खर्च होत असावे, असा माझा अंदाज आहे.

अंदाज हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण पुष्कळशा गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि पत्रावरून त्या कळत नाहीत. तुमच्या घरात अलीकडे कोणाचा मृत्यू झाला आहे का, कोणाशी वर्षानुवर्षांचा अबोला आहे का, एखादी गोष्ट तुम्ही देवापासूनही झाकून ठेवली आहे का, तुमच्या मंडळीत कृपेपेक्षा भीतीच जास्त शिकवली जाते का, हे मला ठाऊक नाही. यांपैकी एकेका कारणावरचा उपाय निराळा आहे.

मात्र एक शक्यता सर्वांत आधी तपासली पाहिजे. तुम्ही झोपेचा उल्लेख केला आहे. भूक मंदावणे, एरवी आवडणाऱ्या कशातच रस न वाटणे, पहाटे दचकून जाग येणे, अंग सतत जड वाटणे, असे काही दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज होत असेल तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल तर आजच भेटा आणि घरातल्या कोणाला तरी आत्ताच सांगा. नैराश्य हा आजार आहे. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक बाई येत असत. त्यांची हीच लक्षणे होती, आणि मी त्यांना प्रत्येक भेटीत आणखी प्रार्थना करा, आणखी विश्वास धरा असे सांगत राहिलो. माझ्या सल्ल्याने त्यांच्या आजारावर अपराधीपणाचे ओझे चढले. पुढे त्यांच्या बहिणीने त्यांना डॉक्टरांकडे नेले, आणि उपचारांनंतर काही महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, “आता मला पुन्हा प्रार्थना करता येते.” त्या वाक्याने मला जे शिकवले, ते मी आजवर विसरलेलो नाही.

खरे तर ते मला एलीयाच्या कथेतून आधीच शिकता आले असते. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर हा संदेष्टा रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला ताबडतोब उपदेश करत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, आणि त्याला दुसऱ्यांदा खाऊ घातले जाते. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून तो देवाच्या होरेब डोंगरापर्यंत पोहोचतो आणि तेथे देवाचा मंद स्वर ऐकतो. झोप आणि अन्न या गोष्टी देवाने आपल्या वाणीच्या आधी ठेवल्या. पहाटेच्या प्रार्थनेसाठी तुम्ही रोज चार-पाच तासांच्याच झोपेवर भागवत असाल तर काही आठवडे ती प्रार्थना दिवसाच्या दुसऱ्या वेळी करा. त्यात काहीही गैर नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘शांती’ हा एकच शब्द शास्त्रात दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी येतो, आणि त्यांची सरमिसळ झाली की तुमच्यासारखी कोंडी होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी पौल म्हणतो की विश्वासाने नीतिमान ठरवले गेल्यामुळे प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे आपली देवाबरोबर शांती झालेली आहे. येथे तो मनःस्थितीविषयी बोलत नाही. दोन पक्षांतले वैर संपून सलोखा व्हावा, तशी ही शांती आहे. ती वधस्तंभावर घडून गेली आणि तुमची रात्र चांगली गेली की वाईट यावर ती कमीजास्त होत नाही. दुसरी शांती फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे: बुद्धीपलीकडची देवाची शांती, जी अंतःकरणाचे रक्षण करते. ती अनुभवाला येते आणि म्हणूनच कधी दाट असते, कधी विरळ. तुम्ही दुसरी शांती दिसत नाही म्हणून पहिलीही नाही असे धरून चालला आहात. क्रम उलटा आहे. अनुभवाची शांती हळूहळू वाढते ती झालेल्या सलोख्यावर विसंबल्यामुळे, आणि विसंबण्यासाठी आधी काही वाटावेच लागते असे नाही.

माझा विश्वास खोटा आहे का, या प्रश्नावर मंडळीने फार पूर्वीच सावधपणे विचार केलेला आहे. १६४६ मध्ये पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली या प्रोटेस्टंट सिद्धांतपत्राच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की तारणाची खात्री वाटणे हे विश्वासाचे अविभाज्य अंग नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळेपर्यंत दीर्घकाळ थांबावे आणि अनेक अडचणींशी झुंजावे लागू शकते. अत्यंत काटेकोर सिद्धांती लोकांनी हे लिहिले आहे, याचे मला नेहमी विशेष वाटते. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रांपैकी दावीद राजाच्या पश्चात्तापाचे म्हणून ओळखले जाणारे एक्कावन्नावे स्तोत्रही मला याच अंगाने महत्त्वाचे वाटते. तो तारणाचा आनंद परत दे असे मागतो. आनंद हरवू शकतो आणि तो परत मागता येतो, हे त्या मागणीतच गृहीत धरलेले आहे.

यापुढे जाऊन मी तुम्हाला एका रात्रीकडे पाहायला सांगेन. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या ते सोळाव्या अध्यायांत येशू शिष्यांना म्हणतो की मी माझी शांती तुम्हाला देतो, माझा आनंद तुमच्यामध्ये असावा आणि तो परिपूर्ण व्हावा. हे तो अटकेच्या रात्री बोलतो. त्याच रात्री, थोड्याच वेळाने, गेथशेमाने बागेत तो म्हणतो की माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे, आणि जवळच्या तीन शिष्यांना सोबत जागे राहण्याची विनंती करतो. ज्याने काही वेळापूर्वी आपली शांती वाटून दिली तोच हा. तेव्हा तो जी शांती ‘माझी’ म्हणतो तिच्यात व्याकुळ होण्याला जागा आहे. बापावरचा त्याचा भरवसा आणि त्याची व्याकुळता ही एकाच प्रार्थनेत शेजारीशेजारी उभी आहेत. आपण मात्र शांती म्हणजे मनात एकही तरंग न उठणे अशी कल्पना करून घेतो आणि मग ती नाही म्हणून स्वतःला दोषी ठरवतो. अशी शांती त्याने कोणालाही देऊ केलेली नाही. जगात तुम्हाला क्लेश होतील, हेही तो त्याच संभाषणात सांगतो.

आनंदाबद्दलही असेच आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेले चारच अध्यायांचे पत्र आनंदाचे पत्र म्हणून ओळखले जाते, परंतु ते लिहिताना पौल बंधनात होता, त्याचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला होता, आणि ज्या मंडळीला तो लिहीत होता तिच्यातल्या युवदीया व सुंतुखे या दोन कष्टाळू स्त्रियांचे आपसात पटत नव्हते. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा हे वाक्य त्या दोघींना एकचित्त होण्याची विनंती केल्यानंतर दोनच वचनांनी येते. मला यातून एक व्यवहाराची गोष्ट कळली: मंडळीतल्या किंवा घरातल्या एखाद्या माणसाशी धुमसत ठेवलेले भांडण आनंदाची वाट अडवून बसते, आणि ते मिटवण्यासाठी टाकलेले पहिले पाऊल कितीतरी उपवासांपेक्षा अधिक काम करते. समोरचा माणूस समेट करीलच असे नाही. ते तुमच्या हाती नाही. आपल्या बाजूचा दोर सैल करणे तेवढे हाती आहे. मात्र समोरच्याने तुमचा छळ केला असेल, तर क्षमा करणे म्हणजे पुन्हा त्याच्या तावडीत जाणे नव्हे, हेही येथेच स्पष्ट करतो.

फिलिप्पैकरांस पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायात काळजीवरचा जो उपाय पौल सांगतो तो आपण फार घाईने वाचतो. कशाविषयीही चिंता करू नका, एवढेच वाक्य उचलून लोक एकमेकांना ऐकवतात आणि चिंता करणाऱ्याला आणखी एक चिंता देतात. वाक्य तेथे संपत नाही. प्रत्येक गोष्ट प्रार्थना, विनंती आणि आभारप्रदर्शन यांसह देवाला कळवा, असे तो पुढे म्हणतो. ‘कळवा’ हा शब्द मी शब्दशः घेतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी रात्री वही घेऊन बसायला सांगतो. जी काळजी मनात धुक्यासारखी पसरली आहे ती एका वाक्यात लिहायची, तिच्याखाली देवाकडे नेमके काय मागायचे ते लिहायचे, आणि त्याखाली त्या दिवशी मिळालेल्या एकाच गोष्टीचे आभार मानायचे, तेही नेमके. ‘देवा, सगळ्यासाठी धन्यवाद’ हे वाक्य चालत नाही. मग वही मिटायची. काळजी दहा मिनिटांत परत येते, तेव्हा ती वहीत आहे, कळवलेली आहे, असे स्वतःला सांगायचे. सुरुवातीचे काही आठवडे यातून फारसे काही वाटत नाही. पुढे केव्हातरी जुनी पाने चाळताना दिसते की कितीतरी मागण्यांची उत्तरे मिळून गेली आणि आपल्या लक्षातही आले नव्हते. तेथे जो आनंद होतो तो ओढून आणलेला नसतो.

देवाची शांती अंतःकरणांचे रक्षण करील, या वाक्यात पौलाने वापरलेला ग्रीक शब्द पहारा देणाऱ्या सैनिकांचा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती आणि निवृत्त सैनिक तेथे वसवलेले होते, त्यामुळे वाचणाऱ्यांना पहारा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नसणार. पहारेकरी बाहेर उभा असतो. आत झोपलेल्याला तो दिसत नाही. देवाची शांती आपले काम करत असताना प्रत्येक वेळी तुम्हाला जाणवेलच असे नाही, ही कल्पना मला या शब्दामुळे सुचली आणि पुष्कळांना तिने धीर दिला आहे.

येथवरचे थोडक्यात असे: शरीराची व मनाची प्रकृती आधी तपासा, देवाबरोबर झालेला सलोखा आणि मनाला जाणवणारी स्वस्थता या दोन गोष्टी वेगळ्या ओळखा, आणि मन चाचपत बसण्याऐवजी काळजी नेमक्या शब्दांत देवाला कळवण्याची सवय लावून घ्या. आता दोन अवघड गोष्टी राहतात.

पहिली मी संकोचाने लिहितो. तुमच्या पत्रात ‘मी करतो’ असे अनेक वेळा आले आहे आणि देवाने काय केले हे एकदाही आलेले नाही. लूकाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातल्या दृष्टांतात, संपत्ती उडवून घरी परतलेल्या उधळ्या मुलाचा एक थोरला भाऊ आहे. तो घर सोडून कधी गेला नाही, त्याने आज्ञा मोडली नाही, आणि तरी धाकटा परतल्याच्या आनंदात घरातून वाद्यांचा आवाज आला तेव्हा तो बाहेर उभा राहिला. बापाला तो म्हणतो की इतकी वर्षे मी तुझी चाकरी करत आहे. बापाच्या घरात राहून तो स्वतःला चाकर समजत होता आणि मजुरीचा हिशेब मनात ठेवत होता. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याला बाळा म्हणून हाक मारतो आणि म्हणतो की तू सदा माझ्याबरोबर आहेस, जे माझे ते सर्व तुझेच आहे. मंडळीतल्या आनंदहीन कष्टकऱ्यांना मी हा उतारा महिनाभर रोज वाचायला सांगतो. हे तुम्हाला लागू पडते की नाही ते तुम्हीच ठरवा; मला मात्र एके काळी पुरेपूर लागू पडले होते. ग्रीक भाषेत आनंदाला खारा म्हणतात आणि कृपेला खारिस. दोन्ही शब्द एकाच मुळातले आहेत. जेथे कृपा मजुरी होऊन बसते तेथे आनंद आटतो.

दुसरी गोष्ट कोरड्या काळाची. माझा धाकटा भाऊ अचानक वारला, त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मला प्रार्थनेत काहीही जाणवत नव्हते. दर रविवारी मी उपदेश करत होतो आणि आत सगळे ओसाड होते. त्या काळात मला स्तोत्रांनी जगवले, आणि तीही आनंदाची स्तोत्रे नव्हेत. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत, हे मी शिकलो होतो, परंतु गरज पडेपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, म्हणजे तशी प्रार्थना देवाला चालते. मी ती मोठ्याने वाचू लागलो. भावाच्या जाण्याचे दुःख त्यामुळे नाहीसे झाले नाही, पण देवासमोर चेहरा नीट करून बसण्याची सक्ती संपली, आणि मला वाटते माझ्या शांतीची सुरुवात तेथेच झाली. आनंद पुढे केव्हा परतला ते मला नेमके सांगता येत नाही, कारण त्या सुमारास मी त्याची वाट पाहत नव्हतो. एका आजारी वृद्धाला रोज शास्त्र वाचून दाखवण्यात गुंतलेलो होतो.

म्हणून आता गीतांच्या सेवेविषयी. लोयोलाच्या इग्नेशियस या कॅथलिक संताने १५४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात एक नियम दिला आहे, जो मी प्रोटेस्टंट असूनही आयुष्यभर पाळला: मन उजाड असताना, पूर्वी स्वस्थ मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. तुम्ही ही सेवा आनंदाने पत्करली होती, असे तुमच्याच पत्रात आहे. तेव्हा आज ती सोडू नका. फक्त प्रकृतीसाठी विश्रांती लागणार असेल किंवा डॉक्टरांनी तसे सांगितले, तर काही काळ थांबा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. गाणे हे ढोंग कधी होते? जे मनात नाही ते मनात आहे असे लोकांना भासवण्यासाठी गायले तर. जे खरे आहे ते, आज मला वाटत नसले तरी खरेच आहे म्हणून गायले, तर तो विश्वास आहे. बेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता आपल्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, देवाची आशा धर. म्हणजे तो आधी स्वतःलाच गाऊन सांगत होता.

या आठवड्यात तुमच्या पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या भरवशाच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला एकांतात भेटा आणि मला लिहिले तेवढेच त्यांना सांगा. आणि येत्या रविवारच्या गीतांची निवड तुमच्याकडे असेल, तर त्यात एक विलापाचे गीत ठेवा. समोरच्या उजळलेल्या चेहऱ्यांमध्ये त्या गीताची वाट पाहत असलेला कोणीतरी असतो. मी व्यासपीठावरून इतकी वर्षे पाहत आलो आहे.